बोलण्यातून घडणाऱ्या शब्दांना चित्र कोणतं द्यायचं? (टोमणा, थाप, चुगली, 'येतो', 'बघू')

पाटीपुस्तक

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या सोप्यात मी गेली चार वर्षं मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. संध्याकाळी पंधरा-वीस पोरं येतात, पहिली ते पाचवीची. त्यांच्यासाठी मी शब्दकार्डं करतेय. पुठ्ठ्याच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. चित्र बघून मुलानं शब्द ओळखायचा, मग कार्ड उलटायचं.

आंबा, विहीर, बैलगाडी झाली. धावणे, रडणे, शिवणे हेही झालं. गाडी अडलीय ती पुढच्या यादीवर: शब्द देणे, शब्द फिरवणे, टोमणा, थाप, चुगली, गुपित, बहाणा, घासाघीस, आग्रह, आढेवेढे, मनधरणी, उपरोध. शिवाय दोन माझ्या हट्टाची कार्डं आहेत, निघताना म्हणतो तो 'येतो' आणि नाही म्हणायचं असताना म्हणतो तो 'बघू'.

हे सगळं तोंडानं घडतं. मी 'शब्द देणे'ला हात मिळवणाऱ्या दोन माणसांचं चित्र लावलं आणि नऊ मुलांना दाखवलं. तिघं म्हणाली 'अभिनंदन', दोघं म्हणाली 'पाहुणे आले', एक मुलगी ठामपणे म्हणाली 'निवडणूक'. बाकीची गप्प. 'चुगली'ला एकाच्या कानाशी दुसऱ्याचं तोंड असं चित्र होतं, त्याला सगळ्यांनी एकमुखानं 'गुपित' म्हटलं. 'टोमणा'साठी बहिणीला बोलायला लावून फोटो काढला होता. त्यावर उत्तर आलं 'जांभई'.

मुलांचं काही चुकलं नाही. चित्रात खरोखर तेवढंच होतं. चूक चित्र निवडण्यात आहे, आणि ती नेमकी कुठे हे मला कळत नाहीय. चित्र काढणारे, नाटकवाले, शिक्षक, ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा. मला हे मनापासून नीट करायचंय. ही मुलं घरी हे शब्द रोज ऐकतात, पण कुणी त्यांना ते हातात धरून दाखवत नाही.

---

मेथीजुडी

किती छान काम करताय ताई.

'शब्द देणे'ला गळ्याला चिमटा काढून 'आईशप्पथ' म्हणणारं पोर दाखवलं तर? आमच्या घरी दिवसातून दहा वेळा चालतं.

---

पाटीपुस्तक

करून बघितलं. ते चित्र मुलांनी लगेच ओळखलं, पण 'शपथ' म्हणून. पोरांची ही शपथ बहुतेक झालेल्या गोष्टीची असते, शब्द पुढच्या गोष्टीचा. हा फरकच तर दाखवायचाय.

---

तिसरीघंटा

नाटकाच्या बाजूनं थोडं लिहितो.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतून येणारा, घाम, कंप, रंग उडणं असा. चित्राला यातले तीनच मिळतात. वाचिक त्याच्याकडे नाहीच. तुमची सगळी यादी नेमकी वाचिकावर उभी आहे, आणि तुम्ही वाचिकच काढायला बघताय, म्हणजे उघडं तोंड. उघड्या तोंडात आवाज नसतो. त्याची जांभई होणारच.

तालमीच्या वेळी आम्ही नवीन मुलांना एक करायला लावतो. प्रवेश संवाद न म्हणता, फक्त हालचालींत करायचा. काही प्रवेश तसेही कळतात, काही पार बंद पडतात. तुमची यादी आधी अशी चाळून घ्या. मनधरणी बिनबोलता कळते: रुसलेलं पोर भिंतीकडं तोंड करून बसलंय आणि आजी ताटली घेऊन त्याच्यामागं उकिडवी बसलीय. ते कार्ड सोपं. उपरोध मात्र बिनबोलता शून्य आहे.

---

सरळरेघ

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. प्रत्येक शब्दाला चित्र हवंच हा आग्रह का? 'आंबा'ला चित्र लागतं, कारण एखाद्या पोरानं हापूस बघितलेला नसेल. टोमणा कुणी ऐकलेला नाही असं पोर दाखवा. जे कानानं शिकायचं ते कानानंच शिकू दे. चुकीचं चित्र हे चित्र नसण्यापेक्षा वाईट, कारण ते डोक्यात घट्ट बसतं.

---

कुंचलावाला

सरळरेघ यांचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे, पण म्हणून सोडून द्यायचं हे नाही. मी इथंच कोल्हापुरात चित्रकला शिकलो आणि आता मुलांच्या मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रं काढतो. अशा शब्दांवर माझे बरेच कागद फाटलेत, त्यातून हाती लागलेलं सांगतो.

बोलणाऱ्याला काढू नका. ऐकणाऱ्याला काढा.

बोलण्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या तोंडावर नसतो, समोरच्याच्या अंगावर असतो. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा. तो कधी एक शब्द बोलला नाही. बोलायचे ते पुढारी, अधिकारी, त्याची बायको. चौकड्याच्या कोटातला हा माणूस नुसता उभा असायचा, आणि ते बोलणं किती पोकळ होतं हे आपल्याला त्याच्याकडं बघून समजायचं.

आता तुमची घासाघीस घेऊ. बहुतेक चित्रकार काय काढतात? भाजीवाली आणि गिऱ्हाईक समोरासमोर, दोघींचे हात वर, तोंडं उघडी. ते भांडण झालं. कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळी एकदा अर्धा तास एका जागी उभं राहून बघा. मी स्केचबुक घेऊन तेच केलं. बाई मेथीची जुडी उचलते, मुळं बघते, भाव विचारते, 'एवढी?' म्हणते. भाजीवाली दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे पैसे मोजत 'परवडत नाही ओ' म्हणते. इथंपर्यंत काढण्यासारखं काही नाही. मग बाई जुडी परत ढिगावर ठेवते, ठेवते म्हणजे टाकत नाही, हळू ठेवते, आणि वळते. पहिलं पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं पाऊल उचललेलं असतं तेव्हा भाजीवालीचा हात त्याच जुडीवर पडलेला असतो, दुसऱ्या हातात कागद असतो आणि डोळे बाईच्या पाठीवर. बाईची मान अर्धी मागं वळलेली.

घासाघीस ती आहे. सौदा ठरलेला नाही आणि तुटलेलाही नाही. दोघींची तोंडं मिटलेली, तरी चित्र बोलतं. हे चित्र मी एका पुस्तकासाठी काढलं होतं. ज्या पोरांनी आईबरोबर पिशवी धरलीय त्यांनी ते पटकन ओळखलं.

त्यामुळं प्रत्येक शब्दासाठी स्वतःला विचारा: वाक्य संपल्यावर दुसऱ्या सेकंदाला कुणाचं काय हलतं, किंवा काय हलायचं थांबतं? तो क्षण काढा.

---

लालमाती

कुंचलावाले भावा, एक नंबर. ताई, टोमणा पाहिजे असंल तर आमच्या कुस्तीच्या तालमीत या एकदा.

आमचं वस्ताद बारक्याला कधी थेट बोलत न्हाईत. सांगायचं असतंय बारक्याला, पण बघत्यात थोरल्या पैलवानाकडं. 'काय रं, दूध प्यायला तेवढं येतोस व्हय हितं?' थोरल्याला ठाऊक असतंय हे आपल्याला न्हाई, त्यो गालात हसतोय. आणि तिकडं कोपऱ्यात जोर मारणारा बारका मधीच थांबलेला असतोय. हात मातीत, छाती अधांतरी, खाली बी जाईना, वर बी येईना. कानाची पाळी लाल.

लेकी बोले सुने लागे. काढा हेच.

---

पाटीपुस्तक

लालमाती दादा, वाचताना अंगावर काटा आला. टोमण्याचं खरं रूप हेच, की तोंड एकीकडं आणि नेम दुसरीकडं. मी सासू-सून काढणार होते, पण लहान मुलांच्या कार्डावर पुन्हा तेच सासू-सून नको वाटत होतं. तालीम ठरली. वस्तादांचं तोंड थोरल्याकडं, चित्राच्या मध्यभागी मात्र बारका.

आता 'चुगली' आणि 'गुपित' वेगळं कसं करू?

---

कुंचलावाला

माणसं मोजा. गुपितात दोघंच असतात आणि दोघंही खूश. चुगलीत तिसरा लागतो, ज्याच्याबद्दल चाललंय तो. त्याला पाठमोरा काढा, लांबवर, आपल्या नादात, गोट्या खेळताना. ऐकणाऱ्याचे डोळे त्या पाठीवर. बास. शब्द बदलायला तेवढं पुरतं.

---

मेथीजुडी

आमच्या धाकटीला हे दोन्ही तोंडी सांगून विचारलं. ती लगेच म्हणाली, 'दुसऱ्यातल्या मुलाला कळलं की तो रडणार.' वय सहा.

---

हातवारे

मी कर्णबधिर मुलांना शिकवते, त्यामुळं हा धागा दोनदा वाचला. सरळरेघ, तुम्ही विचारलंत की टोमणा न ऐकलेलं पोर दाखवा. माझ्या वर्गात अकरा आहेत. त्यांना घरात टोमणे बसतात, पण ते त्यांना कळत नाहीत. फक्त सगळे हसले एवढं दिसतं, आणि आपण का हसलो नाही याचं कोडं घेऊन ती बसतात. असे शब्द हातात देणं आमच्याकडं फार महत्त्वाचं काम आहे.

चित्रकारांना माझी एकच विनंती, भुवया आणि नजर. भारतीय सांकेतिक भाषेत चेहरा शोभेला नसतो, तो व्याकरणाचा भाग आहे. हाताची खूण तीच ठेवून भुवया उंचावल्या की साधं विधान 'हो की नाही?' असा प्रश्न होतं. त्यामुळं आमची मुलं चित्रात आधी डोळे बघतात. कुणाची नजर कुणाकडं हे स्पष्ट नसेल तर बाकी कितीही सुंदर काढा, त्यांना ते बंद दार आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तक्त्यांवर सगळी माणसं बघणाऱ्याकडं तोंड करून हसत असतात. आपापसात बोलणारी माणसं अशी कधी उभी राहतात का?

खुणा बघायच्या असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत आणि व्हिडिओ मोफत बघता येतात. शब्द म्हणताना चेहरा काय करतो तेवढं जरी बघितलंत तरी चित्रकाराला खूप मिळेल.

---

सरळरेघ

ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. 'कानानं शिकू दे' हे वाक्य मागं घेतो. चुकीचं चित्र नको हे म्हणणं मात्र ठेवतो.

---

ओळअक्षर

शिवाजी उद्यमनगरात आमचं छपाईचं काम आहे. फुग्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. संवादाचा फुगा वापरायला लाज कसली? चित्रकथा वाचून मोठे झालो आपण.

फक्त देवनागरीचा फुगा नीट आखा. आपल्या ओळीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. 'कुठं गेली होतीस?' एवढंच लिहून बघा, वर-खाली किती जागा खातं ते. बहुतेक जण फुगा आधी काढतात आणि मग अक्षर बारीक करून कोंबतात. उलटं करा, आधी अक्षर मोठं लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. आपण डावीकडून वाचतो, म्हणून जो आधी बोलतो तो डावीकडं पाहिजे, नाहीतर पोरं उत्तर आधी वाचतात आणि प्रश्न नंतर. फुग्याचं शेपूट तोंडाकडं वळलेलं पाहिजे, डोक्यावर टेकलेलं नको.

आणि कार्डाला एकच फुगा. दोन झाले की ती चित्रकथा झाली, कार्ड राहिलं नाही.

---

पाटीपुस्तक

पण फुग्यात शब्द लिहिले की पोरं फुगा वाचतात आणि चित्र बघत नाहीत. पहिलीच्या मुलांना तर वाचताच येत नाही. म्हणून मी फुगा टाळत होते.

---

तिसरीघंटा

टाळा, पण जिथं शब्द आणि चित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात तिथं टाळू नका. उपरोध आणि तुमचा 'येतो' या दोन कार्डांना फुगा लागेलच.

'येतो' बघा. माणूस उंबऱ्याबाहेर, पायात चप्पल, पाठ घराकडं. फुग्यात 'येतो'. फुगा काढला तर उरतं काय? माणूस जातोय. आणि फुगा ठेवून माणूस घरात शिरताना काढला तर अर्थच गेला. 'जातो' म्हणायचं नसतं, निघणाऱ्यानं परत यायचं बोलूनच निघायचं, ही आपली रीत त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे. दारात आजी काढा, हात किंचित वर. तिला त्यात विपरीत काही वाटत नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळू दे.

उपरोधाचं तेच. वर्गात शेवटचा तास, घड्याळात साडेचार, पोरगं दारात, बाईंच्या फुग्यात 'लवकर आलास!' शब्द एक सांगतात, घड्याळ दुसरं. दोन्ही नसतील तर उपरोध नाही.

---

मूकपट

कोल्हापूरकर म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. हा प्रश्न आपल्या गावानं शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. १९२० ला 'सैरंध्री' आला तेव्हा पडद्यावर आवाज नव्हता. गोष्टी मात्र पौराणिक, म्हणजे शाप, वर, वचन, आव्हान, सगळं तोंडानंच घडणारं. मग करायचे काय? नट आधी बोलायचा, मग मध्ये पाटी यायची, पाटीवर वाक्य, आणि मग समोरच्याचा चेहरा. चित्र, शब्द, पुन्हा चित्र. प्रेक्षकांत वाचता येणारे थोडे, ते बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे.

पेंटर मुळात चित्रकार होते. पुढं १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये अंधारलेली झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं असं एक दृश्य होतं, ते बघितलेल्यांनी त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं. सावकार काय बोलला ते कुणी सांगत नाही. बोलणं होऊन गेल्यावर घर कसं दिसतं तेवढं लक्षात राहिलं.

१९३२ ला 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' इथंच तयार झाला आणि पडदा मराठी बोलू लागला. मग ती पाटी गेली.

ताई, तुम्ही कार्डाच्या मागं नुसता शब्द का लिहिता? तिथं पाटी लिहा ना.

---

पिंगुळीकडचा

मी कुडाळ भागातला, नोकरीनिमित्त कोल्हापुरात आहे. मूकपट यांच्या शेवटच्या ओळीला जोडून लिहितो, कारण आमच्याकडे हीच रीत फार जुनी आहे.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी माहीत असेल. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी नाव ऐकलं. सुट्या कागदांवर चित्रं असतात, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात, बोलत कथा सांगतो, साथीला टाळ आणि हुडूक, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य. चित्रात फुगा नाही, अक्षर नाही. माणसं एकमेकांकडे तोंड करून, बाजूनं काढलेली, डोळे मोठे. वर हातवारे ताईंनी लिहिलंय ना, नजर कुणाकडे ते स्पष्ट हवं, ते तिथे शंभर टक्के आहे. बोलणं सगळं कथेकऱ्याच्या गळ्यात. राम काय म्हणाला ते चित्र सांगत नाही, राम कुणाला म्हणाला ते सांगतं.

लहानपणी एका जत्रेत बघितलेलं एक चित्र आठवतं. दोघे समोरासमोर, एकाचा हात पुढे, बाकी काही नाही. कथेकऱ्याने आधी त्यावर भांडण सांगितलं. रात्री उशिरा दुसऱ्या प्रसंगाला तेच चित्र पुन्हा धरलं आणि समेट सांगितला. दोन्ही वेळा पटलं.

तुमचं कार्ड एकटं बोलणार नाही, तुम्ही ते हातात धरून बोलणार आहात. मग सगळा भार चित्रावर का टाकता? पुढे चित्र, मागे दोन ओळींचा संवाद, तुम्ही वाचायचा. पोराने आधी चित्र बघायचं, मग ऐकायचं, मग शब्द सांगायचा.

---

पाटीपुस्तक

हे वाचून मी तासभर नुसती बसून राहिले. मी चार महिने चित्र आणि शब्द यांच्यातच झगडत होते, मागच्या कोऱ्या बाजूकडं बघितलंच नाही.

पण पिंगुळीकडचा, एक शंका. एकाच चित्रावर भांडणही चालतं आणि समेटही, तर मुलाला चित्राचा उपयोग काय?

---

पिंगुळीकडचा

शंका रास्त आहे. कथेकऱ्याला चित्र मोकळं लागतं, तुम्हाला बांधलेलं. तिथे कुंचलावाल्यांचं ऐका.

---

कुंचलावाला

मोकळं आणि बांधलेलं, अगदी बरोबर. जुन्या 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ आठवतो का? शंकर यांनी काढलेलं ते चित्र: राजा, हातात तलवार, खांद्यावर प्रेत. सगळी गोष्ट बोलण्यावर उभी आहे. वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा बोलला की प्रेत परत झाडावर. आणि चित्रात कुणीच बोलत नाही, राजा नुसता चालतोय. ते चित्र महिनोन्‌महिने तेच चाललं, कारण ते कुठल्याही एका गोष्टीला बांधलेलं नव्हतं. मासिकाला ते हवंच होतं. तुमच्या कार्डाला तसं चालणार नाही.

'शब्द देणे'वर मी विचार केला. ते एका चित्रात मावणार नाही, कारण त्यात दोन दिवस आहेत, बोलला तो आणि पाळायचा तो. त्याची पट्टी करा. तीच दोन माणसं, तोच दरवाजा. पहिल्या चौकटीत बाबा खाली वाकून पोरीच्या तळहातावर हात ठेवतोय, बाहेर ऊन. दुसऱ्या चौकटीत पाऊस, बाबा भिजून दारात, काखेत कोरडी ठेवलेली पुस्तकाची पिशवी. हे 'शब्द पाळणे'. तीच दुसरी चौकट बदला: रात्र, बाबा मोकळ्या हातानं आत येतोय, पोरगी चप्पल घालून पायरीवर झोपलीय. हे 'शब्द फिरवणे'. पहिली चौकट दोन्हीकडं तीच, म्हणजे तीन चौकटींत दोन कार्डं होतील.

---

मेथीजुडी

पायरीवर झोपलेली पोरगी वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पण बाबाला काम निघालं असेल तर? त्यानं शब्द फिरवला असं नाही म्हणता येणार. मुलं हे विचारतील.

---

पाटीपुस्तक

विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे. मागच्या पाटीवर त्याची जागा करते. 'मी असं कधी म्हणालो?' एवढं बाबाचं वाक्य. ते वाचल्यावर काम निघालं होतं असं कुणी म्हणणार नाही.

तयार चित्रं वापरायची असतील तर कुठली चालतील, हेही कुणी सांगाल का? सगळीच नवीन काढून घेणं परवडणारं नाही.

---

ओळअक्षर

छापखान्यात हा प्रश्न रोज येतो. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं खुली आहेत. सिनेमातली दृश्यं मात्र जपून, प्रदर्शनानंतर साठ वर्षं. हल्लीच्या सिनेमातला स्क्रीनशॉट कार्डावर छापू नका. मुलांचे फोटो छापायचे असतील तर आई-वडिलांना विचारून घ्या.

संगणकाकडून चित्र करून घ्यायचंही एका गिऱ्हाइकानं करून बघितलं. चेहरे गुळगुळीत, सगळे हसरे, फुग्यातली अक्षरं मोडकी. दुरुस्तीत जास्त वेळ गेला.

---

तिसरीघंटा

रविवर्मा निघालेच आहेत तर 'बहाणा'चं कार्ड तयार आहे असं समजा. शकुंतला पायातला काटा काढायला थांबलीय ते चित्र. जुन्या घरांत कॅलेंडरवर असायचं. काटा-बिटा काही नाही, तिला मागं वळून दुष्यंताकडं बघायचंय. हात पायाकडं, मान भलतीकडं. मैत्रिणी पुढं निघालेल्या. ती तोंडानं काय म्हणाली ते ऐकूच यायला नको, अंगानंच सांगितलंय.

त्यांचंच हंस-दमयंतीचं चित्र मात्र घेऊ नका. हंस तिला नळाबद्दल सांगतोय, ती ऐकतेय, अप्रतिम आहे. पण ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला तिथं एक बाई आणि एक पक्षी दिसतो.

---

पाटीपुस्तक

दहा दिवसांनी लिहितेय. कुंचलावाले दादांनी सात कार्डं काढून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हते, मी जबरदस्तीनं कागद-रंगाचे दिले. शनिवारी मुलांना दाखवली. मागची पाटी न वाचता आधी नुसतं चित्र.

घासाघीस: बारापैकी दहा. एकानं 'भाजी विसरली' म्हटलं, तो नेहमी बाबांबरोबर मॉलमध्ये जातो.

टोमणा: नुसत्या चित्रावर चौघांनीच ओळखलं. पाटी वाचली तेव्हा सगळ्यांनी. एकजण म्हणाला, 'बाई, हे आमच्या काकांचं घर.' मी पुढं विचारलं नाही.

आग्रह आणि आढेवेढे यांची जोडी मी स्वतः सुचवली होती. पंगत, वाढपी जिलेबी घेऊन वाकलेला, आणि ताटावर आडवा हात. आग्रहाच्या चित्रात वाढप्याचा चेहरा मोठा, आढेवेढ्याच्या चित्रात नुसता तो हात. बोटं इतकी फाकलेली की मधून जिलेबी सहज जाईल. मुलं हसून लोळली. मग दोघांनी उठून तसा हात करून दाखवला, आणि तिथंच मला कळलं की हे कार्ड झालं.

शकुंतला फसली. 'पाय दुखतोय' यापलीकडं कुणी गेलं नाही, कारण दुष्यंत चित्रात नाही आणि पोरांना तो ठाऊक नाही. त्याऐवजी दादा शाळेला न जाण्यासाठी पोट धरून झोपलेला मुलगा काढतायत, एक डोळा किलकिला, खिडकीबाहेर मित्रांच्या हातात क्रिकेटचे स्टंप.

'येतो'च्या कार्डावर थोडा वाद झाला. दुसरीतली मुलगी म्हणाली चित्र चुकलंय, तो तर जातोय. तिला म्हटलं, तू आत्ता घरी निघताना मला काय म्हणशील? ती दप्तर पाठीला लावून दारापर्यंत गेली, थांबली, आणि माझ्याकडं बघत राहिली. मग 'येते' म्हणून पळाली.

हातवारे ताई, तुमच्या मुलांसाठी एक संच बाजूला ठेवलाय. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. तुमच्या वर्गात कुठं अडतं ते ऐकायला मला फार आवडेल.

राहिलंय फक्त 'बघू'.

---

हातवारे

पत्ता पाठवला आहे. माझी मुलं आढेवेढ्याचा हात तर लगेच उचलतील.

---

लालमाती

'बघू' म्हंजे आमच्या मामाचं. आम्ही कायबी मागितलं की 'बघू की' म्हणायचा. पुढचं दोन उन्हाळं बघतच बसलाय.

---

कुंचलावाला

'बघू'त अडचण ही आहे की ऐकणाऱ्याला अजून कळलेलं नसतं. टोमण्यात बारका थांबतो, घासाघिशीत हात जुडीवर जातो, इथं काहीच थांबत नाही. मोठ्या माणसाचं बोलणं संपलंय, पोराचं ऐकणं चालूच आहे.

तेच काढू या का? आरामखुर्चीत काका, डोळे परत पेपरात गेलेले, पेपराचं पान उलटताना. समोर मुलगा अजून उभा, चेहरा उजळलेला, हातात बॅट. फुगा नको. 'बघू' मागच्या पाटीवर.

---

पाटीपुस्तक

हेच घेतलं. फक्त बॅट ठेवू की पतंग? पतंग रंगीत दिसेल.

---

कुंचलावाला

बॅटच ठेवा. पतंग पोर एकटं उडवतं, बॅटीला समोरून कुणीतरी चेंडू टाकायला लागतो.